बाळापूरहून परत आलेली बोट

श्रीमान सूर्यभानजी गावंडे पाटील, मुक्काम बाळापूर, यांना नांदगाव खंडेश्वरहून व्याही खुशालराव मोहोड याचा हात जोडून रामराम.

इवाईबुवा, इकडे आम्ही ठीक आहोत. आपण, इनबाई पार्बताबाई आणि जावई गजेंद्रराव तिकडे ठीक असाल असा माझा अंदाज आहे. अंदाज म्हणतो, कारण आपला फोन वाजतो, वाजत राहतो आणि बंद होतो. (आपण मुद्दाम उचलत नाही असं मी म्हणत नाही. आमची सौ. आशाबाई म्हणते. मी तिला समजावलं की बाळापूर नदीकाठचं गाव आहे, तिथे रेंजचा त्रास असणारच.) शेवटी पत्र लिहायचं ठरवलं. पोस्टात पाकीट मागितलं तर खिडकीतल्या मुलीने विचारलं, वकिलाची नोटीस आहे का? मी म्हणालो, नाही, पाहुण्याला पत्र आहे. मला पाहायला तिने मागच्या टेबलावरच्या माणसालाही बोलावलं.

आपल्या गुडघ्याचं कसं आहे? लग्नात आपल्याला मांडवात खाली बसता आलं नव्हतं, ते माझ्या लक्षात आहे. आशाबाईने निरगुडीचं तेल काढून बाटलीत भरून ठेवलं आहे, पण ते पाठवावं की नाही यावर आमच्या घरी एकमत होत नाही. हल्ली आपल्याकडे काहीही पाठवायचं म्हटलं की आमचे हात जागीच थांबतात.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो. रागिणीविषयी मी या पत्रात एक अक्षरही लिहिणार नाही. ती आषाढातल्या आखाडीला आली नाही, नागपंचमीला आली नाही, भाऊ नाही म्हणून ती मामालाच राखी बांधते, तर राखीला माझा साळा श्रावण दारात पाट मांडून बसला तरी आली नाही, यातलं काहीही मी काढणार नाही. लग्नानंतरचं पहिलं वर्ष असून आपण तिला का पाठवत नाही, हे विचारणं मुलीच्या बापाला शोभत नाही आणि मी विचारत नाही. हे पत्र केवळ बोटीविषयी आहे. त्या दिवशी आपल्या ओसरीवर मला बोलायला सवड मिळाली नाही, ती मी इथे घेत आहे, तेवढी क्षमा असावी.

तर मुळापासून सांगतो. साखरपुड्यात आपण सर्वांच्या देखत म्हणाला होतात, ‘नारळ अन् पोरगी द्या, तिसरं काही दिसलं तं मी उठून जाईन.’ तेव्हा आमच्याकडच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला, आणि मीही खाली मान घालून बसलो होतो. पण इवाईबुवा, आपल्याला मुलगी नाही म्हणून सांगतो. ज्या बापाने पोरीच्या जन्मापासून मनात एकेक वस्तू मांडून ठेवलेली असते, त्याला असं एकदम ‘काही नको’ म्हटलं की उपाशी माणसाचं ताट उचलल्यासारखं होतं. त्यात आमचं गाव. लग्न होऊन हळद उतरली नाही तोच पारावर बोलणं सुरू झालं की खुशालरावाने एकुलत्या पोरीला काहीच दिलं नाही, नुसती गाडीत बसवून रवाना केली. मी त्यांना आपलं वाक्य ऐकवलं. ते म्हणाले, पाहुणे म्हणतातच तसं, आपण समजून द्यावं लागते. हे बोलणं माझ्या डोक्यात सहा-सात महिने होतं, आणि अशा डोक्याने मी अधिक महिन्यात पोचलो.

धोंड्याच्या महिन्यात जावई हा नारायण असतो, हे मी आपल्याला सांगायला नको. आपण गजेंद्ररावांना मोठ्या मनाने पाठवलंत. (सोबत दुसरंही माणूस आलं होतं, त्याचं नाव मी लिहीत नाही.) धोंडे झाले, अनारशांचं वाण झालं, दिवा लावून ओवाळणं झालं. आता अधिकात जावयाने पहिल्यांदा काही मागितलं तर त्याला नाही म्हणू नये, अशी आमच्या घरी पिढ्यांची समजूत आहे. माझ्या आजोबांनी त्यांच्या जावयाला याच कारणाने दुभती म्हैस दिली होती, आणि नंतर वर्षभर आमच्याकडे काळा चहा होता. म्हणून मी गजेंद्ररावांच्या मागे लागलो की काहीतरी मागा. ते नको नको म्हणत राहिले. मी कूलर त्यांच्याकडे वळवला आणि पुन्हा विचारलं. ते पोटभर जेवून लोडाला टेकले होते, मोबाईलवर काहीतरी पाहत होते. त्यात एक गोरा माणूस चकचकीत लाल बोटीत उभा होता. त्याने हातभर मासा ओढून काढला, त्याच्याकडे मायेने पाहिलं, त्याचं वजन केलं आणि परत पाण्यात सोडून दिला. काठावरचे लोक टाळ्या वाजवत होते. गजेंद्ररावांनी तो मोबाईल माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, ‘मामाजी, द्याचीच असंन तं असली बोट द्या.’ आणि हसले.

ते हसले, हे मी नाकारत नाही. पण ते हसणं मी संकोचाचं धरलं. शिकलेला मुलगा, अकोल्याला कॉलेजात शिकवतो, त्याला सासऱ्याकडे काही मागताना हसू येणारच. (रागिणी तेव्हा स्वयंपाकघरात होती, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. हे ओघात लिहिलं, उल्लेख धरू नये.) आशाबाई म्हणाली की पोरगं गंमत करून राहिलं. पण श्रावण शेजारी बसला होता, आणि श्रावणला आपण ओळखता. ज्या गोष्टीची कोणालाच माहिती नसते तिची श्रावणला पूर्ण माहिती असते. तो म्हणाला, अशा बोटीवाला एक माणूस अमरावतीत आहे, आणि तो ती विकतो आहे. त्या क्षणी मला वाटलं, अधिक महिना, नारायणाची मागणी, आणि वस्तू अमरावतीत. याच्यापुढे देवाने आणखी काय बोलून दाखवावं?

तो माणूस म्हणजे स्वानंद देशपांडे. अमरावतीतल्या जुन्या वकिलांचा मुलगा, वय चाळिशीच्या पुढे. देशोदेशी मासे धरण्याच्या स्पर्धा होतात, त्यात भाग घेणं हाच त्याचा व्यवसाय. मलेशिया, थायलंड कुठे कुठे जाऊन आला आहे, घरात कपाटभर करंडक आहेत. जन्मात मासा खाल्लेला नाही. त्याच्या घरी कांदाही चातुर्मासात चालत नाही. बोट त्याने दुबईहून जहाजात घालून आणवली होती. ती मुळात बास नावाच्या माशासाठी बनवलेली असते आणि तो मासा आपल्या देशात नाही. हे त्याने स्वतःच सांगितलं, न लपवता. खांदा निकामी झाल्यामुळे डॉक्टरांनी त्याला गळ फेकायची मनाई केली होती, म्हणून ती विकायची वेळ आली.

आम्ही तिघे तिला पाहायला गेलो. पाहायला हाच शब्द बरोबर आहे, कारण अंगणात चार खुर्च्या मांडल्या होत्या, स्वानंदच्या आई चारुशीलाबाईंनी पोहे केले होते, आणि बोट पांढऱ्या चादरीखाली होती. पोहे संपेपर्यंत चादर निघाली नाही. निघाली तेव्हा आशाबाईच्या तोंडून ‘अवमाय’ असं निघालं, आणि आशाबाई सहसा काही बोलून दाखवत नाही. लाल रंग, त्यात बांगडीच्या चुऱ्यासारखी चमक, खाली गालिचा, वर फिरणाऱ्या दोन उंच खुर्च्या. पाण्याखाली काय आहे ते दाखवणारा एक पडदा. आणि मधोमध एक झाकणाची टाकी, तिच्यात पंप. धरलेला मासा वजन होईपर्यंत त्या टाकीत जिवंत ठेवतात, मग सोडून देतात.

इथे श्रावणने चमचा खाली ठेवला. तो म्हणाला, ‘पकडते अन् सोडते, तं मंग पकडतेच काहून?’

स्वानंदने या प्रश्नाचा बराच वेळ गांभीर्याने विचार केला. मग म्हणाला, ‘केवढा आहे ते कळावं म्हणून.’ श्रावणला हे पटलं नाही, पण त्याने पोहे दुसऱ्यांदा घेतले. मला मात्र त्या माणसाविषयी आदर वाटला. मी रीतीप्रमाणे विचारलं की काही खोट असेल तर आताच सांगावी, मागाहून बोलणी नकोत. त्याने डाव्या बाजूचा एक ओरखडा दाखवला आणि तो कुठल्या धरणात, कुठल्या खडकाने पडला तेही सांगितलं. मग त्याने आम्हाला विचारायला सुरुवात केली. तिकडे पाणी कसं आहे? सावलीत ठेवाल ना? साबणाने धुणार का? घरात कोणाला वस्तू आपटायची सवय आहे का? बाळापूरच्या पाण्याविषयी मी जरा हात राखून बोललो. मन नदी जूनमध्ये कशी असते हे आपल्याला माहीत आहे. बोटीपेक्षा बैलगाडीची सोय जास्त. पण मुलगी पाहायला गेलेला माणूस स्वतःच्या घरची विहीर आटते हे सांगत नाही, तसंच मी केलं.

किमतीचं मी लिहीत नाही, आणि आपण विचारणार नाही हे मला ठाऊक आहे. ठरलं, सुपारीच्या जागी एक खोबऱ्याची वाटी हातात आली, आणि नेण्याच्या दिवशी चारुशीलाबाईंनी बोटीला हळदकुंकू लावलं. मग त्या आत गेल्या आणि तांदूळ, नारळ, खण घेऊन बाहेर आल्या आणि बोटीची ओटी भरली. ओटी कुठे भरावी याचा क्षणभर घोळ झाला. शेवटी ती माशांच्या टाकीत भरली. स्वानंद एकटा बोटीच्या मागच्या टोकाला उभा होता. म्हणाला, ‘मधूनमधून पाहायला आलो तर चालेल का?’ मी म्हणालो, ‘घर तुमचंच आहे.’ आशाबाई रडली. चारुशीलाबाई रडल्या. मलाही असंच एक अंगण आठवलं. पण त्याबद्दल मी लिहिणार नाही असं वर कबूल केलेलं आहे.

प्रवासाचं थोडक्यात सांगतो. श्रावणची जीप पुढे, तिला जोडलेल्या गाड्यावर बोट मागे, आणि बोटीतल्या एका उंच खुर्चीवर मी, कारण तिला एकटीला सोडू नये असं स्वानंदने बजावलं होतं. बडनेऱ्यापर्यंत मला लाज वाटली. त्यानंतर वाटेनाशी झाली. मूर्तिजापूरला चहाला थांबलो तर एक म्हातारा जवळ येऊन काळजीने विचारू लागला, धरण कुठलं फुटलं? अकोल्याला वाहतूक पोलिसाने थांबवलं, सगळे कागद पाहिले, मग कागदात न बसणारा एक प्रश्न विचारला की ही चालवायची कुठे? मी म्हणालो, जावयाला द्यायची आहे. त्याने कागद परत दिले आणि अदबीने बाजूला झाला. त्या पोलिसाच्या चेहऱ्यावरचं मी त्या वेळी कौतुक समजलो.

आता बँडविषयी. बँड माझ्या डोक्यात नव्हता. श्रावण म्हणाला की इवायाच्या दारात असं मुक्याने जाणं बरं दिसत नाही, लोक म्हणतील चोरून आणली. बाळापूरच्या वेशीवर एक बँडवाले एका बारशाहून परतत होते, त्यांना त्याने पुढे घातलं. पुढचं आपल्या डोळ्यांसमोर आहे. बाजारातून येईपर्यंत मागे निम्मं गाव झालं. किल्ल्याच्या बाजूने पोरं धावत आली. भाजीवाल्यांनी पाट्या सोडल्या. एक बाई दुसरीला सांगत होती ते मी खुर्चीवरून ऐकलं. म्हणत होती, ‘सूर्यभान पाटील लग्नात काही घेत नाही म्हने. घेत नाही कसा, बोट मांगतली.’ मला ते ऐकू आलं, पण वर बसलेल्या माणसाला खालचं बोलणं जसं लागायला हवं तसं लागत नाही. मी हात जोडून सगळ्यांना रामराम करत होतो.

आपण ओसरीवर उभे राहिलात. बँड थांबला नाही, म्हणून आपल्याला दोनदा बोलावं लागलं. ‘हे कोनं मांगलं?’ गजेंद्रराव खाली पाहत होते. (त्यांना दोष नाही, त्यांनी गंमत केली होती, हे मी आता मान्य करतो.) मग आपण माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, ‘खुशालराव, मले गावात मान वर करून चालाचं आहे. घेऊन जा.’ आणि आत गेलात. एवढंच. मोठ्याने नाही, रागानेही नाही. आपण रागावला असतात तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. दारात ती उभी होती, हातात पाण्याचा तांब्या. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. बापाचा असा चारचौघांत पाणउतारा झालेला कोणत्या मुलीला पाहवेल? तिने तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि तीही आत गेली. परतताना बँडवाले वेशीपर्यंत वाजवत आले, कारण त्यांना थांबा म्हणायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

तर बोट परत आली. ती आमच्या अंगणात, बैलांच्या गोठ्याला लागून, कडब्याच्या सावलीत आहे. पहिले काही दिवस गाव पाहायला येत होतं. ग्रामसेवकाने विचारलं, ही घरपट्टीत कशात दाखवायची? बैलांनी तिची सवय करून घेतली. आणि पहिल्याच रविवारी स्वानंद आला. येताना त्याने आईने केलेले साटोऱ्यांचे दोन डबे आणले होते, एक आमच्यासाठी आणि एक, तो जरा चाचरत म्हणाला, असाच. त्याला वाटलं होतं बोट बाळापूरला असेल, आणि तिथला पत्ता विचारायला तो आला होता. ती इथेच पाहून त्याचा चेहरा पडला. ‘काय झालं तिचं? नाही आवडली का त्यांना?’ मी म्हणालो, तिच्यात काही दोष नाही, माणसांचं आपसात बिनसलं. त्याने मान हलवली, पायातले जोडे काढले आणि बोटीत जाऊन बसला. फडक्याने तिची धूळ पुसली. टाकीतले तांदूळ तसेच होते, ते त्याने चिमण्यांना टाकले. संध्याकाळपर्यंत तो गोठ्याशेजारी त्या उंच खुर्चीवर बसून होता आणि आशाबाईने त्याला तिथेच जेवायला वाढलं.

तो दर रविवारी येतो. एका रविवारी म्हणाला की हिला पाणी दाखवायला हवं, नाहीतर पंप आखडून बसेल. आमच्याकडे पाणी म्हणजे अनुदानातलं शेततळं. चौकोनी, खाली प्लास्टिक अंथरलेलं, नागरे यांच्या शेताला लागून. श्रावणने आणि मी शेजाऱ्यांना बोलावून ती आत सोडली. ती पाण्यावर बसली तेव्हा खरं सांगतो, सुंदर दिसली. मग श्रावणने, आपल्याला माहिती आहे असं सांगून, इंजिनाचा खटका दाबला. त्या इंजिनाला मोठमोठ्या धरणांची सवय. आमचं तळं त्याला सुरू व्हायलाही पुरलं नाही. आवाज झाला आणि दुसऱ्याच क्षणी बोटीचं नाक पलीकडच्या बांधावर, श्रावण तुरीत, आणि खाली प्लास्टिक उभं फाटलेलं. पाणी नागऱ्यांच्या पऱ्हाटीत, उभ्या कपाशीत गेलं. नागरे मला म्हणाले, खुशालराव, पाऊस लांबला होता, उपकार झाले. हे ते मनापासून म्हणाले की टोमणा मारला, याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

बोटीला काही झालं नाही. तळ्यात गुडघाभर पाणी उरलं, तेवढ्यात ती तरंगते. आता स्वानंद येतो आणि त्या गुडघाभर पाण्यात मधोमध बसतो. खांदा दुखतो म्हणून गळ फेकत नाही, नुसता सोडून ठेवतो. त्या तळ्यात मासा नाही, बेडूक आहेत. त्या पडद्यावर श्रावणची एक चप्पल दिसते. तरी तो बसतो, आणि उठताना त्याचा चेहरा शांत असतो. मी बांधावर बसून त्याच्याकडे पाहतो. मला त्याचा हेवा वाटतो, इवाईबुवा. त्याने आपली वस्तू पूर्ण देऊन टाकली, हक्क सोडला, तरी त्याला तिला पाहायला येता येतं, आणि दार उघडायला कोणी कां-कूं करत नाही. मी त्याला एकदाही आज नको, पुढच्या वेळी या, असं म्हटलेलं नाही. यावर मी अधिक लिहीत नाही. आपण सुज्ञ आहात.

बोटीविषयी जे सांगायचं ते सांगून झालं. वाईट हेतू नव्हता, आपल्याला कमीपणा आणायचा नव्हता, एवढं आपल्या मनाला पटावं. इनबाईंना नमस्कार, गजेंद्ररावांना आशीर्वाद. घरातल्या इतर सर्वांना, जे कोणी असतील त्यांना, यथायोग्य.

आपला,
खुशालराव मोहोड

ता. क. : दिल्या शब्दाप्रमाणे मी रागिणीविषयी काहीही लिहिलेलं नाही, हे आपल्या ध्यानात आलंच असेल. पण आता भादव्यातल्या महालक्ष्म्या येत आहेत. तिला तेवढ्यापुरती पाठवावी. आपल्या नावाला बाळापुरात जो बट्टा लागला, तो मी धुऊन द्यायला तयार आहे. अकोल्याच्या पेपरात जाहीर सूचना देतो की तमाम लोकांस कळावे, श्री. सूर्यभानजी गावंडे यांनी बोट मागितली नव्हती. मसुदा तयार आहे. श्रावण म्हणतो पेपर कोणी वाचत नाही, तोच बँड पुन्हा लावून बाजारात सांगू. मी त्याला तूर्त थांबवून ठेवलं आहे. आपला होकार येताच आम्ही निघतो.

आणखी एक ता. क. : वरचं लिहून पाकिटाला डिंक आणायला गेलो, तेवढ्यात आशाबाईने सगळं पत्र वाचून काढलं. मी आलो तर म्हणाली, एवढं त्यायले लिहून राहिले, तिले कधी विचारलं काय? आणि तिने रागिणीला फोन लावला. मी आजवर लावला नव्हता. सासरी आहे, इवायांच्या मर्जीबाहेर कसं बोलावं, असं मला वाटत होतं. आशाबाईने तो मोठ्या आवाजावर करून माझ्यापुढे ठेवला. मी विचारलं की सासरचे मामाजी तुला केव्हा पाठवतात?

ती म्हणाली, ‘मामाजीनं मले कधीच अडवलं नाही. आखाडीले त्यायनं सोता गाडी लावली होती दारात. मीच नाही आली.’

मी हातातला डिंक खाली ठेवला. मग ती म्हणाली, ‘बाबा, मले पाहाले आलेल्या अन् कार मांगनाऱ्या त्या इंजिनिअरले मी चहा पाजून वापस पाठवलं होतं. सारं आयुष्य एकटी राह्याची तयारी होती माही. मंग हे घर भेटलं. अन् तुमी न मांगता बोट आनून देल्ली. वरून बँड.’

आपण फोन का उचलत नाही तेही तिने सांगितलं. त्या दिवसापासून आपल्याला रोज कोणी ना कोणी फोन करून विचारतं की बोटीचं काय झालं, म्हणून आपण फोन फडताळात ठेवून दिला आहे. हे ऐकून आशाबाईने माझ्याकडे पाहिलं, आणि बाळापूरच्या रेंजविषयी काही बोलली नाही.

म्हणजे या पत्रात मी पानोपानी आपल्याला नावं ठेवली, आणि आपण तिच्यासाठी दारात गाडी लावून उभे होतात. तिच्या डोळ्यांतलं पाणी कशाचं होतं तेही मी चुकीचं लिहिलं आहे. ते सगळं खोडणार होतो. पण आपल्याविषयी मी काय काय धरून बसलो होतो, ते आपल्याला कळलेलं बरं, म्हणून तसंच पाठवतो.

महालक्ष्म्यांना तिला पाठवण्याचं जे वर लिहिलं, ते रद्द समजावं. ती मनाने येईल तेव्हा येईल. मी एस.टी.ने येतो म्हणतो, रिकाम्या हाताने, पिशवीदेखील न घेता. लेकीच्या घरी जेवायची आमच्याकडे रीत नाही, पण तिने वाढलं तर मी जेवीन. नाही वाढलं तर ओसरीवर घटकाभर बसून परत फिरेन. फोनवर हे विचारायला मला जमलं नाही, आणि तिने ठेवून दिला. तेव्हा आपण वडीलकीने एवढं करावं. तिला विचारावं, आणि जे म्हणेल ते मला जसंच्या तसं कळवावं. मी येऊ का?